राहून गेलेला निरोप

रविवार, १ डिसेंबर

काल लिहिलेलं चुकलं. सासूबाईंनी किमजांगला, हिवाळ्याची किमची घालताना, पहिला घास आईला भरवला असं लिहिलंय — तसं झालं नाही. पहिला मीग्योंगवन्संना दिला. दुसरा स्वतःच खाल्ला, मीठ बघायला. आईला भरवला तो तिसरा.

खोडत नाही. आजोबांचा नियम: चूक खोडली की ती परत होते, म्हणून ती तशीच ठेवायची आणि खाली बरोबर ते लिहायचं. आमची होडी कालव्यांतून कलिंगडं विकत फिरायची आणि शाळा काठावर राहून जायची. माझी पहिली शाळा म्हणजे आजोबा, आई आणि वल्ह्याचं पातं. त्यावर कोळशानं अक्षरं. पुढे काठावरच्या शाळेत गेले तेव्हा बाईंना वाटलं ही मुलगी गबाळी आहे, चुका जपून ठेवते.

तर, तिसरा. पण तिसरा काय नि पहिला काय! भरवला तो भरवलाच. सगळा हिवाळा पुरेल एवढी किमची घालायची म्हणून अंगणात ताडपत्री पसरली होती, भोवती गावातल्या सगळ्या बायका, कोपरापर्यंत लाल हातमोजे. सासूबाईंनी कोबीचं आतलं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला भरला, वर एक कालव ठेवलं, गुंडाळलं आणि सरळ आईच्या तोंडापाशी नेलं. "आऽ." आणि आईनं आऽ केलं. रस हनुवटीवर ओघळला तो सासूबाईंनी आपल्या मनगटानं पुसला. बायका हसल्या. आईही हसली, गाल फुगलेला.

मी तिथेच होते. माझी तान्ही दाओन पाठीला बांधलेली, पातेली विसळत होते.

या घरातला हा माझा तिसरा किमजांग. मला कधी कोणी आऽ म्हटलेलं नाही. आईला व्हिएतनामहून येऊन दोन महिनेही झाले नाहीत.


सोमवार, २ डिसेंबर

आज हेवा वाटला नाही.

दुरुस्ती, संध्याकाळी: वाटला.


मंगळवार, ३ डिसेंबर

बाटलीचं लिहायला हवं, नाहीतर ते डोक्यात आंबत राहील.

लग्न होऊन आले तेव्हा माहेरून माशाच्या सॉसची एक बाटली आणली होती. पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं, ग्युसोकनं, फ्रिज उघडला आणि जाऊन खिडकी उघडून आला. तेवढं मला पुरलं. त्या दिवसापासून माझी बाटली मागच्या अंगणात, रांजणांच्या मागे. घरात कोणी नसलं की उभ्यानं भात खायचा आणि वाटी लगेच धुवायची.

आईनं आल्या दिवशी तसलीच बाटली पिशवीतून काढली आणि सासूबाईंसमोर जमिनीवर ठेवली, हळदीकुंकवाच्या वाणासारखी. सासूबाईंनी बोट बुडवलं. चाटलं. उठल्या. मागे जाऊन त्यांच्या रांजणातलं खारवलेल्या माशांचं पाणी वाटीत घेऊन आल्या. मग आईनं बोट बुडवलं. आणि दोघी एकमेकींकडे बघून जे हसायला लागल्या! त्या दिवसापासून विहिणीविहिणींचं असं गूळपीठ जमलंय की मध्ये मुंगीलाही जागा नाही. शनिवारच्या मसाल्यात आईच्या बाटलीतला एक डाव पडला. म्हणजे अख्ख्या घराच्या हिवाळ्यात.

मी काय लपवत होते मग दोन वर्षं?

आज दोघी लसूण सोलत बसल्या होत्या. मी जवळ गेले, म्हटलं काही सांगायचं-विचारायचं असेल तर मी आहे. आई म्हणाली, लसूण सोलायला दुभाषा लागत नाही, जा तू, झोप काढ. प्रेमानं म्हणाली. पण मी उठले ती जड होऊनच.

नंतर सासूबाईंनी मला मोरीपाशी गाठलं. "दाओनच्या आई, तुझ्या आईला सांग, जानेवारीत जाऊ नको म्हणावं. पोरगी चालायला लागेपर्यंत राहू दे. मी ग्युसोकशी बोलले, व्हिसाची मुदत वाढवून मिळते म्हणे."

मी 'हो' म्हटलं.

सांगायचं राहून गेलं. दाओन रडत होती.


गुरुवार, ५ डिसेंबर

थंडी पडली. आईचे गुडघे धरले. आत्तापर्यंत ती माझ्या आणि दाओनच्या खोलीत झोपायची. ग्युसोकनं बाळंतपणापासून पलीकडे अंथरूण टाकलंय. दुपारी दाओन झोपली की आई माझ्या केसांतून बोटं फिरवायची आणि कालव्यावरच्या लोकांच्या बातम्या सांगायची — कोणाचं इंजिन बुडालं, कोणाची मुलगी सायगावला गेली. दिवसातला तेवढाच तास मी कोणाची तरी सून नसायचे.

आज सासूबाई दारात आल्या. त्यांच्या खोलीची जमीन जास्त तापते, जमिनीखालची गरम पाण्याची नळी आधी तिथून जाते. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, मग आईच्या, मग आपल्या खोलीकडे बोट. आणि आईचं अंथरूण उचलून डोक्यावर घेतलं आणि निघाल्यासुद्धा. सत्तरीची बाई!

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं.

मी म्हटलं, "जा. तिथे ऊब आहे."

मीच म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नाही.


शनिवार, ७ डिसेंबर

सासूबाई आईला गावातल्या न्हाणीघरात घेऊन गेल्या. सगळ्या बायका एकत्र, अंगावर काही नाही, एकमेकींच्या पाठी चोळायच्या. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मलाही बोलावलं होतं. मी म्हटलं बरं वाटत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हटलं. मग विचारणं थांबलं. सासूसमोर उघडं व्हायचं म्हणजे — मला शब्द सापडत नव्हते, आणि कपडेही नसतील तर काय उरणार होतं माझ्यापाशी?

आईला कसली लाज! होडीवर वाढलेली, अख्ख्या बाजारासमोर कालव्यात आंघोळ केलेली बाई. दोघी परत आल्या त्या उकडलेल्या खेकड्यांसारख्या लाल, हातात केळ्याच्या दुधाची बाटली, शाळेतून सुटल्यासारख्या.

आई म्हणाली, "तुझ्या सासूच्या पाठीवर डावीकडे मोठा तीळ आहे. अगदी तुझ्या आजीला होता तसा."

मी त्यांची पाठ पाहिलेली नाही. आता तीळ दिसतो डोळे मिटले की.


सोमवार, ९ डिसेंबर

दोघी मालिका बघतात. सासूबाईंच्या भाषेतली मालिका, आईला त्यातलं अक्षर कळत नाही, आणि रडतात दोघी एकाच जागी! आज मी चहा घेऊन गेले तर सासूबाईंनी हात हलवून मला बाजूला व्हायला सांगितलं. पडदा अडत होता.

ग्युसोकला सांगायला गेले. म्हणाला, दोन्ही आयांचं जमतंय, याहून चांगलं काय? शेजारच्या मिन्हो दादाकडे बघ, सासू आणि आई एका टेबलावर बसत नाहीत. मग माझं तोंड बघून म्हणाला, "तुला नक्की कोणाचा राग आहे ते ठरव, मग मी त्यांच्याशी भांडतो."

हेच तर कळत नाही. आईनं सासूबाईंना घेतलं म्हणून जळते की सासूबाईंनी आईला घेतलं म्हणून? तांदळातून खडे निवडावेत तसं वेगळं काढायला बसले. दोन्ही ढीग सारखे झाले.

दाओनसुद्धा. मी थोपटते तेव्हा अंग ताठ करते. सासूबाई पाठीला बांधून अंगणात दोन फेऱ्या मारतात की मान टाकते.

संध्याकाळी आईनं विचारलं, "विहीणबाई काही म्हणाली का माझ्याबद्दल?"

म्हटलं, "विशेष काही नाही."


मंगळवार, १० डिसेंबर

सासूबाईंनी विचारलं, सांगितलंस का. म्हटलं, सांगते. त्या कोबीवर प्लास्टिक घालायला शेतावर गेल्या.


बुधवार, ११ डिसेंबर

बोसोंगवाली काकू किमजांगला नेलेलं घमेलं परत द्यायला आल्या. इथे बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात; सासूबाई कांगजिनवाली, या बोसोंगवाली. त्यांनाही येऊन पन्नास वर्षं होत आली. मागे मला म्हणाल्या होत्या, बोसोंग इथून मोटारीनं दोन तासांवर, तरी मी अजून बोसोंगवालीच. तू तर समुद्रापलीकडची, तुझी पणती म्हातारी होईपर्यंत तुला व्हिएतनामवाली म्हणतील, उगाच घाई करू नकोस.

आज त्या ओट्यावर टेकल्या, ख्याली-खुशाली झाली, आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनं तोंड उघडलं बाई एकदाचं. नाहीतर आम्ही समजत होतो तुमच्याकडे दुसऱ्याच्या हातचं खाणं विटाळाचं असेल."

मला काही कळेना. म्हटलं, काकू, कशाबद्दल?

"अगं, विसरलीस? तुझं पहिलं वर्ष. कांगजिनवालीनं तुला पहिला घास केला. तिच्या स्वतःच्या लेकीच्या आधी, हो. तोंडापाशी आणला तर तू दोन्ही हात पुढे केलेस, देवळात प्रसाद घेतात तसे. घेतलास, वाकून नमस्कार केलास, ताटलीत ठेवलास, आणि मग एकेकीकडे बघून 'जेवा, जेवा' करत बसलीस. आम्ही जेवलो. तुझा घास तिथेच सुकला."

मला ते आठवत होतं! ताटली आठवत होती, निळ्या काठाची. पण हे असं आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत मी इतकी नीट वागले होते. मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं. सगळ्या मोठ्यांना जेवायला बोलावल्याशिवाय तोंडात शीत घालायचं नाही. अक्षरांच्याही आधी शिकवलंय मला हे घरी. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, बघा, होडीवरची असले तरी रीत जाणते.

"ती उठून रांजणांमागे गेली," काकू म्हणाल्या. "डोळे पुसत आली. म्हणे मसाला गेला डोळ्यात. चाळीस वर्षं मसाला कालवतेय, कधी नाही गेला. मला म्हणाली, पोरीला माझ्या हाताची किळस वाटते गं. मी म्हटलं, लहान आहे, शिकेल. म्हणाली, नको, आपण जबरदस्ती करायची नाही."

काकू गेल्या. मी मागे जाऊन रांजण बघून आले. माझी बाटली अजून तिथेच होती. त्याच रांजणांमागे.


गुरुवार, १२ डिसेंबर

दुरुस्त्या.

१ तारखेला लिहिलं, मला कधी कोणी आऽ म्हटलेलं नाही. चूक. म्हटलं होतं. सगळ्यांत आधी मला.

७ तारखेला लिहिलं, मग विचारणं थांबलं. ते थांबलं नाही, मी थांबवलं.

३ तारखेला लिहिलं, सांगायचं राहून गेलं, दाओन रडत होती. दाओन रडत होती हे खरं. बाकीचं खोटं. राहून गेलं नाही. मी ठेवून घेतलं.

हे शेवटचं लिहायला तास गेला. आजोबा असते तर नुसतं वल्हं पुढे केलं असतं.

आईला दुपारी घासाची गोष्ट सांगितली. निरोपाची नाही, फक्त घासाची. म्हटलं, तूच शिकवलंस दोन्ही हातांनी घ्यायला, आणि स्वतः मात्र आऽ करून बसलीस, हे कुठलं गं? आई हसत सुटली. "अगं, माझे हात मसाल्यानं भरलेले. हात मोकळे असते तर मीही पुढे केले असते. नव्हते, म्हणून तोंड उघडलं."

एवढंच! माझे हात मोकळे होते, एवढाच गुन्हा.

मग म्हणाली, "विहीणबाई काही म्हणाली का?"

दाओननं तेवढ्यात दूध काढलं. मी फडकं आणायला गेले. परत आले तेव्हा आईनं दुसरं काही काढलं होतं बोलायला.

सांगितलं तर काय होईल, ते मला माहीत आहे. आई राहील. दोघी त्या ऊबदार खोलीत रडतील, हसतील, पाठी चोळतील, आणि मी चहा घेऊन दारात पडद्याला आडवी. नाही सांगितलं तर आई जाईल, आणि मग सासूबाईंना माझ्याशिवाय कोणी उरणार नाही.

हे मी लिहिलं. वाचून बघितलं. खोडायचं नाही.


रविवार, १५ डिसेंबर

सासूबाई आता विचारत नाहीत. त्यांनी धरून चाललंय की आईनं नाही म्हटलं आणि मी सांगायला संकोचतेय. सकाळपासून खोकं भरतायत. वाळवलेलं समुद्री शेवाळ, तिखटाची पूड, तिळाचं तेल, मीग्योंगवन्संनी आणलेले मोजे. किमची विमानातून न्यायची तर डबा फुगून फुटतो म्हणून ग्युसोकला तीन वेळा फोन. मला म्हणाल्या, तुमच्याकडे उकाडा असतो ना, लगेच आंबेल, आईला सांग आधी तीच संपवायची.

हा निरोप मी लगेच पोचवला. अगदी शब्दाला शब्द.

आईनं खोक्याकडे बघितलं. दुपारी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मुळा घालून डुकराचे पाय कसे शिजवायचे ते दाखवायला लागली. इथे कच्ची पपई मिळत नाही म्हणून बाळंतिणीच्या सुपात तिनं मुळा घालून बघितला होता आणि जमलं होतं. "पाणी आधी असं फेकायचं. फेस असा काढायचा. हे तू स्वतः करत जा, दूध कमी पडू देऊ नकोस." जाणारं माणूस शिकवतं तसं.

एक खोकं भरते आहे, दुसरी रिकामी होते आहे. आणि दोघी किती जपून हसतात आता एकमेकींकडे.


मंगळवार, १७ डिसेंबर

जेवताना ग्युसोक म्हणाला, मग काय ठरलं? मुदत वाढवायची तर सोमवारी मोकपोच्या कचेरीत जावं लागेल. नंतर नाताळ आहे, मग वर्षअखेर, मग व्हिसाच संपेल.

सासूबाई सुपात बघत म्हणाल्या, "त्यांना घरची ओढ असणार. आपण आग्रह करू नये. मागे एकदा मी न विचारता भरवायला गेले होते, तेव्हापासून आग्रह सोडला."

माझ्याकडे बघितलं नाही. टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

आईनं विचारलं, "काय म्हणते ती?"

जिभेवर होतं. एक वाक्य. लहान मुलानंही भाषांतर केलं असतं.

मी म्हटलं, "थंडी वाढेल म्हणतायत."

इतकं सोपं होतं ते. आतापर्यंत टाळत होते, आज सरळ खोटं बोलले, आणि भाताची वाटीसुद्धा हलली नाही.


बुधवार, १८ डिसेंबर

थंडी वाढली नाही. ऊन पडलं आहे.


गुरुवार, १९ डिसेंबर

रविवारी दोंगजी. वर्षातला सर्वांत लहान दिवस, लाल दाण्यांची पेज करायची, त्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या. आधी थोडी दारावर शिंपडायची, वाईट घरात येऊ नये म्हणून. बोसोंगवाली काकू दाण्यांची पिशवी देऊन गेल्या. जाताना आईला खुणेनं म्हणाल्या, पेज खा, मग जा.

मला वाटलं, वाईट बाहेरून यायचं असतं तर शिंपडून उपयोग होता.


शुक्रवार, २० डिसेंबर

सांगितलं.

आई दाओनला तेल लावत होती. सासूबाई शेतावर. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं होतं, त्यातच दोघी. आईनं मान वर न करता तेच विचारलं, "विहीणबाई काही म्हणाली का?" आणि माझं सगळं एकदम सांडलं. की तीन तारखेलाच म्हणाल्या होत्या. की दाओन चालेपर्यंत राहा. की मी सांगितलं नाही. की थंडीचं खोटं होतं. की तू त्यांच्या खोलीत गेलीस तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. की मला त्यांच्या पाठीवरचा तीळ नको असताना दिसतो. काय काय बोलले!

आई तेल चोळतच होती. एक पाय झाला, दुसरा घेतला.

"ठाऊक आहे," म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"लसूण सोलत होतो ना, त्या दिवशी तू उठून गेल्यावर तिनं या बाईला उचललं." दाओनचे दोन्ही पाय आईनं तळव्यांनी धरले आणि जमिनीवर टपटप चालवले. "हे असं केलं. मग माझ्या शेजारची जमीन थोपटली. मग हात जोडले. त्याला काय भाषा लागते?"

म्हटलं, मग रोज मला का विचारत होतीस?

आईनं दाओनचं अंग फडक्यात गुंडाळलं. ती घाईत कधीच नसते.

"ऊत," म्हणाली. धाकटी म्हणून लहानपणी मला हीच हाक होती. आल्यापासून पहिल्यांदा मारली. "तिनं मला बोलावलं. पण हे घर तुझं. तू म्हणालीस, जा, तिथे ऊब आहे. मी गेले. तू म्हणालीस, काही नाही म्हणाल्या. मी पिशवी काढली. लेकीच्या घरी राहायचं तर लेकीनं म्हणायला नको?"

मला रडू आलं ते आवाजासकट. दाओन माझ्याकडे बघत राहिली, तिची मक्तेदारी गेल्यासारखी.

आई म्हणाली, "दुसऱ्या होडीवरचं पोर मी कडेवर घेतलं की तू वल्हं पाण्यात टाकायचीस. मग सगळे जण वाहत जायचो. तुझे आजोबा म्हणायचे, हिला ओरडू नका, हिला फक्त विचारा की तुला काय हवंय. आम्ही विचारायचो. तू कधी सांगितलं नाहीस. वल्हंच टाकायचीस."

मग म्हणाली, "आत्ता लगेच बोलू नकोस. रडताना म्हटलेलं मी धरणार नाही."

आणि तेलाची वाटी घेऊन उठली.


शनिवार, २१ डिसेंबर

दुरुस्ती. आधी लिहिलं, निरोप राहून गेला. मग लिहिलं, मी ठेवून घेतला. दोन्ही चूक. निरोप त्याच दिवशी पोचला होता. राहिलं होतं ते माझं बोलावणं.

माझी बाटली रांजणांमागून आणून ओट्यावर ठेवली, आईच्या बाटलीशेजारी. सासूबाईंनी बघितली. झाकण उघडून वास घेतला, जागेवर ठेवली. लाल दाणे भिजत घातले आहेत.

सकाळी आम्ही तिघी पिठाच्या गोळ्या वळायला बसणार. आईला आईच्या भाषेत म्हणेन, राहा. सासूबाईंना त्यांच्या भाषेत म्हणेन, पहिला घास मला द्या. हात पिठानं भरलेले असतील.

उद्या. रविवार, २२ डिसेंबर.